छंदासाठी रोज एक तास

अर्ज मी स्वतःच्या हातानं लिहिला, दोनदा वाचला आणि त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, हे आधीच सांगून ठेवते. कारण पुढं जे झालं त्यावर आमच्या घरात अजून एकच वाक्य ऐकू येतं, "तुला हिंदी येत नाही, विभा." घ्या! जन्म जबलपूरचा, शाळा जबलपूरची, भाजीवाल्याशी रोजचं भांडण जबलपूरच्या हिंदीत, आणि म्हणे हिंदी येत नाही. हिंदी मला येते. मराठीही येते. दोन्ही एकदम आल्या, तिथं घोळ झाला.

सुरुवात बीपीपासून झाली. डॉक्टरांनी माझ्या दंडाचा पट्टा सोडला, आकडा बघून भुवया चढवल्या आणि म्हणाले, "मैडम, जीवन में थोड़ा उल्लास लाइए."

मी म्हटलं, "डॉक्टर साहब, उल्हास तो शादी के दिन से घर में ही है. उसी के मारे तो बीपी है."

डॉक्टर हसले नाहीत. शेजारच्या खुर्चीवर बसलेला माझा नवरा उल्हासही हसला नाही. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि वर सांगितलं, "कोई हॉबी रखिए. रोज एक घंटा सिर्फ अपने लिए."

रोज एक तास, फक्त स्वतःसाठी! स्कूटीवर मागं बसून मी घरापर्यंत तेच घोळवत होते. मला कुणी सांगितलं असतं की रोज एक तास चंद्रावर जाऊन येत जा, तर मी इतकी चकित झाले नसते. चंद्रावर निदान भाजी कोणती करू विचारायला कुणी नसतं.

आता हा तास आणायचा कुठून? सकाळी डबे. मग सरकारी कार्यालय, जिथं मी हिशेब शाखेत बसते. संध्याकाळी परतले की सासरे, म्हणजे अण्णा. अण्णा तोफगाड्यांच्या कारखान्यातून रिटायर झाले त्याला जमाना झाला, पण त्यांचा चहा अजून कारखान्याच्या भोंग्यावर चालतो. भोंगा आमच्या विजय नगरात ऐकू येत नाही, तो अण्णांच्या पोटात वाजतो. त्यानंतर पोळ्या, भाजी आणि कॉलेजात शिकणाऱ्या मैत्रेयीचं "आई, मेरा चार्जर कहाँ ठेवलं?" दिवस असा गच्च भरलेला, जशी लग्नघरातली ट्रंक. वर बसून दाबलं तरी आणखी काही आत जायचं नाही.

बातमी शेजारच्या इंदिराकाकूंना लागली. त्यांना लागली म्हणजे कॉलनीला लागली.

"काहून गं विभा, डॉक्टरनं छंद लावून घ्यायला सांगितलं म्हणे? आमच्या भजनी मंडळात ये. झांजा वाजवणारी बाई सुनेकडे गेली आहे."

"काकू, मला स्वतःसाठी तास पाहिजे. झांजेसाठी नाही."

"स्वतःसाठीच तर सांगून राहिली! हात मोकळे होतात."

समोरच्या घरातून योगासनं सुचली, वरच्या मजल्यावरून हास्यक्लब. उल्हास म्हणाला, "हसायला क्लब कशाला? घरी हस." त्यावर मी त्याच्याकडे जे पाहिलं, ते पाहून तो गॅलरीत गेला.

शेवटी मी ठरवलं की तास घरातून निघणार नाही, तो सरकारकडून काढायचा. संध्याकाळी तासभर आधी सुटायची परवानगी मागायची. तेव्हा सप्टेंबर होता आणि कार्यालयात हिंदी पखवाडा चालू होता. त्या पंधरवड्यात प्रत्येक कागद हिंदीतच पाहिजे असा फतवा असतो. एरवी आम्ही 'आय बेग टु से' लिहून मोकळे होतो. त्या दिवशी मी बसले आणि झोकात लिहिलं: "महोदय, स्वास्थ्य की दृष्टि से मुझे अपने छंद के लिए प्रतिदिन एक घंटे की आवश्यकता है. कृपया एक घंटा पूर्व जाने की अनुमति दें."

वाचा बरं परत. आहे काही चूक? मराठी माणसाला दिसायचीच नाही. छंद म्हणजे छंद. कुणाला तिकिटांचा, कुणाला बागेचा.

अर्ज आस्थापना शाखेत गेला. तिथून शेरा आला, अशी तरतूद नियमात नाही. मी चिडून विचारायला गेले, तर बाबू म्हणाला, "मैडम, बीमारी के लिए छुट्टी है, शादी के लिए है, मरने-जीने के लिए है. छंद के लिए नहीं है." मग त्यानं डोकं खाजवलं आणि फाइल 'टिप्पणी हेतु' हिंदी कक्षाकडे ढकलली, कारण शब्द हिंदीचा वाटला. सरकारी माणसाचा हा गुण मला फार आवडतो. नाही म्हणायचं पाप तो एकट्याच्या डोक्यावर कधी घेत नाही.

दुसऱ्या दिवशी हिंदी अधिकारी पटेरिया जी स्वतः माझ्या टेबलाशी येऊन उभे. रिटायरमेंटला आलेला, उंच, किडकिडीत माणूस. डोळे अक्षरशः पाणावलेले.

"विभावरी जी, आप... छंद में हैं?"

मी म्हटलं, "जी, कोशिश है."

"इतने बरस से एक ही दफ्तर में, और हमें खबर नहीं! आजकल कौन समय देता है छंद को. सब मुक्त हो गए हैं."

मला वाटलं, लोक कामातून मुक्त झाले आहेत असं म्हणत असतील. मी मान हलवली.

"कौन सा छंद है आपका?"

"अभी तय नहीं किया, सर."

"कोई बात नहीं. मात्रिक या वर्णिक?"

वर्णिक हे मला कमानिया गेटजवळच्या एखाद्या साडीच्या दुकानाचं नाव वाटलं. मी आपलं सावधपणे म्हटलं, "पहलावाला." पटेरिया जींनी दोन्ही हात जोडले आणि निघून गेले. दुपारपर्यंत परवानगी आली! नोटीस बोर्डावर चक्क टाइप केलेला आदेश: श्रीमती विभावरी साठवणे को छंद-साधना हेतु पखवाड़े के दौरान प्रतिदिन एक घंटा पूर्व कार्यालय छोड़ने की अनुमति... मी 'अनुमति'पर्यंत वाचलं आणि उडत जागेवर आले. सरकारला दया येते हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. खरंच सांगते, अंगावर काटा आला.

आदेशाचं पुढचं वाक्य मला मैत्रेयीनं घरी वाचून दाखवलं. मी मोबाइलवर फोटो काढून आणला होता, मिरवायला.

"आई, इथं लिहिलं आहे, समापन समारोह में वे स्वरचित छंद का पाठ करेंगी."

"म्हणजे?"

"म्हणजे तू पोएम म्हणणार. स्टेजवर. खुद की लिखी हुई. आई, हिंदी में छंद म्हणजे मीटर असतो ना, दोहा, चौपाई. तू काय समजली?"

मी काय समजले ते मी सांगितलं नाही. उल्हासनं ओळखलं आणि तो इतका हसला की अण्णांनी आतून विचारलं, कोण गेलं? झाला की नाही घरच्या घरी हास्यक्लब!

आता सरळ उपाय होता. जाऊन सांगायचं की सर, चूक झाली. मी गेलेही. पण पटेरिया जींनी माझ्यासाठी घरून पेढे आणले होते. म्हणाले, त्यांच्या सगळ्या नोकरीत ते दर पखवाड्यात वाट बघत आले, कुणीतरी एक जण मात्रा मोजून लिहील, आणि आता जाताजाता माई नर्मदेनं ऐकलं. पेढा माझ्या तोंडात होता. पेढा तोंडात घेऊन माणसाचं मन मोडता येत नाही. आणि दुसरं, खरं सांगितलं असतं तर माझा तास गेला असता. तो मला सोडवत नव्हता, हे कबूल करायला मला काही लाज नाही.

तास मिळाला, पण माझ्या हाती कुठला लागतो! रिकामा तास म्हणजे कॉलनीतला रिकामा प्लॉट. जो तो येऊन आपला कचरा टाकतो. पहिल्या दिवशी अण्णांचा चष्मा कमानिया गेटला दुरुस्तीला. "तू लवकर सुटून राहिलीच आहेस तर." दुसऱ्या दिवशी उल्हासच्या शर्टांची बटणं. तिसऱ्या दिवशी इंदिराकाकूंच्या वाती: "नर्मदेवर ग्वारीघाटाला चांगल्या मिळतात गं, इथल्या दुकानातल्या विझून जातात." मी तणतणत स्कूटी काढली. बीपी नक्की वाढलं असणार. स्वतःसाठीच्या तासात मी दुसऱ्याच्या वाती आणायला निघाले होते.

आता एक गोष्ट सांगते, आम्हा जबलपूरकरांची. आम्ही नर्मदेवर दोनच कारणांनी जातो, घरी पाहुणे आले की, नाहीतर घरातलं माणूस गेलं की. पाहुण्यांबरोबर गेलो तर त्यांचे फोटो काढतो, आणि दुसऱ्या वेळी डोळे पुसतो. नदी बघायची राहूनच जाते.

त्या दिवशी वाती घेतल्या, पिशवीत टाकल्या आणि सहज मान वर केली. बाई गं! वर बरगीच्या धरणाचे दरवाजे उघडले होते. अर्धा घाट पाण्याखाली गेला होता. नावा वर ओढून बांधलेल्या, फुलवाल्यांनी आपले पाट मागं मागं सरकवलेले, आणि समोर ही एवढी मातकट नदी, इकडून तिकडे सगळी चालती. आवाज मोठा नव्हता. हुं हुं असा, पोटातून आलेला. मी पायरीवर बसले, साडी खराब होईल हा विचार न करता. एक अख्खं झाड, मुळांसकट, माझ्यासमोरून शांतपणे गेलं, जसा कुणी मोठा अधिकारी कुणाकडे न बघता कॉरिडॉरमधून जातो. मी चक्क हात जोडले, झाडाला.

किती वेळ बसले ठाऊक नाही. फोन वाजत होता, मी घेतला नाही. आरतीची तयारी सुरू झाली, शेजारची एक म्हातारी "नर्मदे हर" म्हणाली आणि मीही म्हटलं, आणि मला एकदम रडूच फुटलं. दुःख काही नव्हतं. विजय नगरापासून स्कूटीच्या अंतरावर हे सगळं रोज चालू होतं आणि मी रोज मटार सोलत होते, एवढंच.

त्यानंतर मी कुणाचं काम घेतलं नाही. "साधना चालू आहे," म्हणायची. साधना शब्दापुढं इंदिराकाकूसुद्धा गप्प होतात. रोज घाटावर जायचं आणि नुसतं पाणी बघायचं. आणि सकाळी चहाच्या वेळी पटेरिया जी माझ्या टेबलाशी बसून शिकवायचे. ऱ्हस्वाची एक मात्रा, दीर्घाच्या दोन. दोह्याच्या ओळीत आधी तेरा, मग अकरा. बोटांच्या पेरांवर मोजायचं.

हे मोजणं एकदा लागलं की सुटत नाही हो! भाजी चिरताना, सिग्नलला उभी असताना माझा अंगठा पेरांवर. इंदिराकाकूंनी कॉलनीत सांगितलं की विभानं गुरुमंत्र घेतला. एका सकाळी उल्हास न्हाणीघरातून ओरडला, "कुठे ठेवला टॉवेल?" आणि मी कणीक मळता मळता मोजलं. तेरा! बरोबर तेरा! लग्न झाल्यापासून हा माणूस रोज सकाळी दोह्याचा पहिला चरण म्हणून राहिला होता आणि मला पत्ता नव्हता. अकराचा चरण माझा, पण मी तो नेहमी रागात म्हणते, त्यामुळं मात्रा हद्दीबाहेर जातात.

मोजता येऊ लागलं, पण लिहिता येईना. समारोप जवळ आला. मैत्रेयी म्हणाली, "आई, टेन्शन काहून घेते? मोबाइल को बोल, दो सेकंद में लिखके देगा." दिला त्यानं. गंगा, हिमालय, भारतमाता, सगळं त्यात होतं. मी धीर करून पटेरिया जींना दाखवला. त्यांनी पेरांवर अंगठा फिरवला, परत फिरवला, आणि अगदी हळू म्हणाले, "विभावरी जी, यह पंद्रह है. यह आपका नहीं है." ओरडले असते तर बरं झालं असतं.

समारोपाच्या आदल्या संध्याकाळी मी घाटावर बसून ठरवलं, उद्या स्टेजवरून सांगून टाकायचं. माफ करा, मराठीत छंद म्हणजे हॉबी, मला कविता येत नाही, मी इतके दिवस सरकारी वेळेत पाणी बघत होते. मनातल्या मनात ही वाक्यं हिंदीत जुळवत होते, आणि अंगठा सवयीनं पेरांवर चालू होता. तेरा झाले. मी दचकले. पुढचं वाक्य मोजलं, अकरा. मी पाण्याकडे पाहिलं, पाण्यानं काही केलं नव्हतं, ते आपलं चाललं होतं. पुन्हा तेरा. पुन्हा अकरा. माझ्या आतून हे आलं? हिशेब शाखेतल्या माझ्या आतून? नदी पाहून झालं नव्हतं इतकं नवल मला त्या संध्याकाळी स्वतःचं वाटलं. आजूबाजूला कुणाला सांगावं तर फक्त एक गाय होती. तिला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी हॉल भरला. पुढच्या रांगेत मोठे साहब, चेहरा नेहमीसारखा, नुकताच कुणाची फाइल परत केल्यासारखा. पटेरिया जींनी माझी ओळख करून दिली. मी माइकपाशी गेले. दोन्ही हातांनी टेबल धरलं आणि म्हटलं:

"घंटा भर की छूट है, बैठी नदिया तीर.
साहब पूछे काम क्या, देख रही हूँ नीर."

टाळी वाजवावी की नाही हे कळायला सगळ्यांनी साहबांकडे पाहिलं. साहब माझ्याकडे बघत होते. दोन ओळींत मी अपराधही कबूल केला होता आणि त्यांना त्यात साक्षीदारही करून टाकलं होतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. आता मेमो मिळणार, तास जाणार, आणि पुढच्या सात पिढ्यांत कुणाला छंद लागणार नाही.

साहब म्हणाले, "यानी आप रोज एक घंटा... पानी देखती थीं?"

"जी सर."

"और कुछ नहीं?"

"कुछ नहीं, सर."

साहबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग जरा पुढं वाकून, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं, पण माइक चालू होता म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं असं, त्यांनी विचारलं, "वहाँ पार्किंग मिल जाती है?"

हॉल असा हसला की खिडकीतली कबुतरं उडाली. साहबसुद्धा हसले. आमच्याकडे ते कुणी आधी पाहिलं नव्हतं. मी पटेरिया जींकडे पाहिलं. ते हसत नव्हते. ते पेरांवर अंगठा फिरवत होते, शेवटच्या पेरापर्यंत गेले, आणि मग त्यांनी डोळे पुसले. खाली उतरल्यावर मी त्यांना म्हटलं, "सर, मुझे माफ कीजिए, मराठी में छंद मतलब..."

"मात्राएँ पूरी हैं," ते म्हणाले. तेवढंच.

पखवाडा संपला आणि परवानगीही संपली. आदेशात लिहिलंच होतं, पखवाड्याच्या दरम्यान. दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांबरोबर वेळेवर सुटले. विजय नगरकडे वळायच्या चौकात सिग्नल लाल होता. मागून हॉर्न सुरू झाले तेव्हा हिरवा झालेला मला दिसला, आणि मी स्कूटी ग्वारीघाटाकडे वळवली. कुणाला विचारलं नाही. अर्ज केला नाही.

पायरीवर टेकते न टेकते तोच उल्हासचा फोन.

"कुठं आहेस? तुझा तो पखवाडा संपला ना?"

"घाटावर आहे."

"काहून? आता काय?"

"काही नाही. बसली आहे. तासाभरानं येते."

पलीकडून अण्णांचा भोंगा वाजल्याचं मला फोनमधून ऐकू आलं. मैत्रेयी "आई कुठं आहे" विचारत होती. मी पदर खोचला, भांडणाची तयारी केली, बीपीची गोळी घेतली होती का तेही आठवून पाहिलं.

उल्हासनं घसा साफ केला. "बरं," तो म्हणाला. "चहा मी टाकतो. मला एवढंच सांग, वरणाला कुकरच्या किती शिट्ट्या करायच्या?"

मी सांगितलं. त्यानं "ठीक" म्हणून फोन ठेवला. समोरून अख्खी नर्मदा चालली होती, आणि मी किती तरी वेळ हातातल्या त्या फोनकडेच बघत बसले.